एक टोपी, दोन खुंट्या

महिना होत आला. भाजे गावी माहेरी भावाकडे गेले होते, तिथं निरोप घेऊन गडी आला. म्हणाला, "मावशी, घरी चला. तुमच्या वन्सं गेल्या." आणि मी खुळ्यासारखं विचारलं, "कुटं?" काय करणार... त्या कधी कुठं जातच नव्हत्या.

दुर्गावन्सं म्हणजे माझ्या मालकांची थोरली बहीण. जन्म मूळ नक्षत्रावरचा. मुळावरची मुलगी सासऱ्याला खाते, असं आमच्याकडे मानतात. लग्न झालं त्याच वर्षी सासरा गेला, पाठोपाठ नवरा. सासरच्यांनी त्यांना लोणावळ्याला आणून सोडलं ते कायमचं. मागची खोली त्यांची. कुणी कामाला बाहेर पडत असेल तर त्यांनी समोर यायचं नाही, ही सासूबाईंची शिस्त.

हे धरणावर पाण्याची उंची दाखवणारी पट्टी बघायचे, पाऊसही मोजायचे. जेवताना त्या दिवसाचे आकडे सांगत, आणि वन्सं आतून ऐकत. एकदा आतनंच ह्यांना म्हणाल्या, "बाळू, पट्टीवर आकडा तोच असला की तळ्यात पाणी तेवढंच असतं ना?"

"व्हय."

"आन् पाऊस तेवढाच पडला की पाणी तेवढंच चढतं?"

"न्हाई गं. जमीन तापलेली असली तर पिऊन टाकते."

"मग पावसावरनं पाणी सांगत जाऊ नको. पट्टीवरनं सांग."

मला काही उमगलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "वैनी, दोन टोप्या एका खुंटीला टांग. जमतं? आता एक टोपी दोन खुंट्यांना टांगून दाखव." मी हसले. त्या म्हणाल्या, "हसू नको. ज्या गोष्टीला दोन उत्तरं निघतात, तिच्यावरनं भविष्य सांगायचं न्हाई."

पुढं माझी कमळ लग्नाला आली. तीही मुळावरचीच. सासूबाईंनी आंदर मावळातला एक बिजवर ठरवला, वयानं कमळच्या बापाहून मोठा. त्याचा गुण एकच, त्याला बाप नव्हता. "सासराच न्हाई, मग पोर खाईल कुणाला?" असं त्यांचं म्हणणं. मी रडले. हे खाली मान घालून बसले.

वन्संनी मात्र चौकशी मांडली. दळायला, निवडायला ज्या बाया यायच्या त्यांना विचारायच्या, तुमच्यात मुळावरची कोण, सासरा हाय का? भाज्याची सखूकाकू स्वतःच मुळावरची निघाली. म्हणाली, "माझा सासरा? त्याला म्हशीनं शिंगावर घेतला तरी मेला न्हाई. रोज ताक मागतोय." वन्संनी कोळशानं भिंतीवर एकीकडे नक्षत्रं लिहिली, दुसरीकडे फक्त 'आहे' आणि 'गेला'. मधे रेघा. मग सासूबाईंना हाताला धरून समोर उभं केलं.

"आये, भरणीवरच्या एकीचा सासरा गेला, मुळावरच्या एकीचाबी गेला. त्याचं काही न्हाई. पण मुळावरनं बघ, दोन्हीकडं रेघा गेल्यात. मग मुळावरनं सासऱ्याचं कसं सांगणार?"

"रेघांनी लगीन मोडतं व्हय?" सासूबाई म्हणाल्या. पण भिंतीसमोर बराच वेळ थांबल्या, आणि बिजवराला नकार गेला. कमळला तळेगावचं घर मिळालं. सासऱ्यासकट.

त्या आनंदात मी बोलून गेले, "आता वन्संनाही पुढं येऊ द्या."

"कमळीचं निराळं," सासूबाई म्हणाल्या. "हिनं दोन मढी पाहिलीत."

"आये, नक्षत्र तेच ना?" वन्सं म्हणाल्या. सासूबाई तांदूळ पाखडू लागल्या.

सासूबाई गेल्यावर मला वाटलं, आता सुटल्या. ओटीवर बसायच्या, माझ्याकडनं अक्षरं गिरवून घ्यायच्या. हा लेख लिहितेय तो त्यांच्याच जिवावर. पण ह्यांनी निघायला छत्री उचलली की ताडकन उठून आत जायच्या आणि कडी लावायच्या. मी एकदा चिडले. म्हटलं, "वन्सं, रेघा तुम्हीच काढल्या होत्या."

"काढल्या गं. खोट्या न्हाईत त्या." दाराआडून हळू बोलल्या, "पण बाळूला काही झालं तर?"



आता रोज सकाळी हे छत्री घेऊन उंबऱ्यापाशी येतात आणि थांबतात. नुसते कान देऊन उभे राहतात. शेवटी मीच मागं जाते आणि त्या रिकाम्या खोलीत शिरून आतून कडी लावते. मग ह्यांची पावलं वाजतात.