दिवे घाटापलीकडचं न झालेलं उड्डाण

स्वारगेटला सासवडची एसटी लागली, तेव्हा सुलभामावशीने खिडकीची जागा मला दिली आणि स्वतः कडेला बसली. "मला बाहेर बघायची हौस नाही," ती म्हणाली. जुन्या विमानाचं उड्डाण बघायला निघालेल्या बाईने असं म्हणावं, याचं मला नवल वाटलं. पण मावशीला उलट प्रश्न विचारायची आमच्या घरात कुणाची टाप नाही.

तिची मुलगी मृणाल प्रवासी विमानं चालवते. सुट्टीत मात्र ती एका छोट्या हौशी मंडळाचं हार्वर्ड नावाचं जुनं विमान उडवते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लढाऊ वैमानिक तयार करण्यासाठी बांधलेलं हे विमान मंडळाने बरीच वर्षं खपून पुन्हा उडतं केलं आहे. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, असंच एक जुनं विमान लोकांना उडवून दाखवताना गेले. मृणाल तेव्हा शाळेत होती. त्यानंतर मावशीने असल्या कार्यक्रमाचं नावही काढलं नव्हतं. या वेळी मात्र तिनेच कर्वेनगरहून फोन करून मला सदाशिव पेठेतून बोलावून घेतलं होतं.

कारण हडपसर मागे पडल्यावर कळलं.

"एकदा बघते आणि तिला सांगते, पुरे झालं आता."

"तिने नाही ऐकलं तर?"

"ऐकेल. आजवर मी तिच्याकडे काही मागितलेलं नाही."

हे खरं होतं, आणि त्याचीच मला धास्ती वाटली. मृणालने ऐकलं असतं. विमान सोडून दिलं असतं आणि आईला कधी बोलूनही दाखवलं नसतं.

दिवे घाटात गाडी धापा टाकत चढत होती. खाली मस्तानी तलाव ऊन खात पडला होता, डोंगर उन्हाळ्याआधीच तांबूस झाले होते. मावशी काकांबद्दल बोलू लागली. फार चांगला माणूस, पण आग्रहाला बळी पडणारा. पंगतीत कुणी वाढायला आलं की यांची मान हलायची ती होकारार्थीच. "घरी आल्यावर सोडा पीत बसायचे," ती म्हणाली. मी हसले. ती हसली नाही.

सासवडला उतरून मिसळ खाल्ली. तर्री (मिसळीवरचा तिखट कट) बघून मावशीने "हे खायचं की रंगवायला घ्यायचं?" असं विचारलं आणि सगळं संपवलं. स्टँडबाहेर अंजिरांच्या पाट्या लागल्या होत्या. त्या बघायला वळताना तिच्या चपलेचा अंगठा तुटला. पुढचा प्रवास तिने चपलेला पिन लावून केला. रिक्षावाल्याने विचारलं, "इमान बघाया चाललाय व्हय? आमच्या वस्तीवरची समदी गेल्यात सकाळधरनं."

गावापासून बरंच लांब, माळावर ती धावपट्टी होती. एका बाजूला मांडव, खुर्च्या, दोरखंड बांधून अडवलेली गर्दी. दुसऱ्या बाजूला ते विमान. पिवळंजर्द, जाड नाकाचं, शेपटीवर टेकून नाक वर करून उभं. पोटाखाली तेलासाठी ट्रे ठेवला होता. मृणाल पुसायचं फडकं हातात घेऊन पंखाखालून बाहेर आली आणि थबकली.

"आई? तू?"

"का, तिकीट लागतं?"

मृणालचे डोळे भरून आले. तिने ते त्याच फडक्याने पुसले आणि गालावर तेलाचा पट्टा उमटला. मग आईला काय दाखवू आणि काय नको असं तिला झालं. आकाशातलं काम सोपं आहे, ती सांगत होती, खरी परीक्षा जमिनीवर. मोठी चाकं पुढे, मागे शेपटीखाली एकच छोटं चाक. उतरताना आडवा वारा लागला की शेपूट फिरते आणि विमान गर्रकन वळतं. मोठ्या विमानतळावर निभावून नेता येतं. इथे पट्टी अरुंद, पलीकडे लगेच खड्डे. म्हणून उड्डाण सकाळी, वारा पडलेला असतानाच ठेवलं होतं.

सकाळ मात्र प्रमुख पाहुण्यांच्या हातात होती. "साहेब निघालेत," असं ध्वनिक्षेपकावरून सांगितलं जात होतं. गर्दी शेंगदाणे खात होती. साहेब आले, तेव्हा उन्हं चांगलीच तापली होती. मग स्वागत, मग प्रास्ताविक, मग शाल आणि श्रीफळ. मृणाललाही शाल मिळाली. मग दीपप्रज्वलन. पाहुण्यांनी समईची वात लावली आणि ती विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. शेवटी दोघांनी निमंत्रणपत्रिकांचा आडोसा केला, फोटो निघाला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मावशीने माझं मनगट घट्ट धरलं होतं. "तेव्हाही असंच झालं होतं," ती म्हणाली. "पाहुणे उशिरा आले, तोवर वारा सुटला होता. ह्यांच्या खांद्यावर शाल घातली. मी पहिल्या रांगेत होते. रंग किती खुलून दिसतोय, एवढंच माझ्या मनात आलं."  मी तिचा हात धरून बसले.

नाव पुकारलं गेलं, पण मृणाल विमानाकडे गेलीच नाही. ती वाऱ्याच्या पिशवीखाली (वाऱ्याची दिशा दाखवणारी खांबावरची कापडी नळी) उभी राहून वर बघत होती. पिशवी पट्टीला आडवी, ताठ फुगली होती. फेटा बांधलेले संयोजक धावत गेले. आम्ही पुढेच होतो, सगळं ऐकू येत होतं.

"मॅडम, चला ना. साहेबांना पुढे जायचंय."

"वारा वाढलाय. उडता येणार नाही."

"अहो, एकच फेरी मारा. लोक कुठून कुठून आलेत."

"माहीत आहे. माझी आई आली आहे."

तिने सरळ जाऊन माइक घेतला. "वारा आडवा आहे. आज विमान उडणार नाही. तुम्हाला एवढा वेळ बसवून ठेवलं, त्याबद्दल माफी मागते." गर्दीतून शिट्ट्या आल्या. "मंग बोलावलं कशाला?" कुणीतरी ओरडलं. आमच्या शेजारची म्हातारी नुसतीच म्हणाली, "नातीला दावायला आनलं हुतं." मला तिचं वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी सुटल्यासारखंही वाटलं.

मृणालने मग दोरामागच्या लोकांसाठी इंजिन तेवढं सुरू करून दाखवलं. आधी दोघांनी पंखा हाताने फिरवला, मग खोकल्यासारखे आवाज, निळा धूर, आणि मग छातीत घुमणारी घरघर. म्हातारीची नात कानांवर हात ठेवून हसत होती. मावशी डोळे मिटून बसली होती. हा आवाज तिने इतक्या वर्षांनी ऐकला होता.

जेवणं मांडवातच झाली. मसालेभात, वांग्याची भाजी, जिलबी. संयोजकांचा राग उतरला नव्हता. ते स्वतः जिलबीचं ताट घेऊन मृणालपुढे आले. "उड्डाणाला नाही म्हणालात. निदान जिलबीला तरी नाही म्हणू नका."

"नको, पोट भरलंय."

"एकच. साहेबांच्या नावाने."

मृणालने आपल्या ताटावर तळहात आडवा धरला. ते दोनदा वाकले, तिसऱ्यांदा वाकले. ती हसून बोलत राहिली, पण हात हलला नाही. मावशी त्या हाताकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. विचारलं, तेव्हा म्हणाली वांगं तिखट आहे.

निघताना मृणाल पाया पडली. मावशीने तिच्या गालावरचा तेलाचा पट्टा पदराने पुसला, तो आणखीच पसरला. 

परतीच्या गाडीत ती आपणहून खिडकीशी बसली. घाट उतरला, हडपसरची गर्दी लागली. आता पेठेत सगळे मला विचारतात, विमान कसं होतं? उडालंच नाही म्हटलं की हळहळतात, फुकट गेली म्हणतात खेप. मी समजावत बसत नाही. इतक्या लोकांसमोर, आईसमोर, अंगावर शाल असताना नाही म्हणायला काय लागतं, ते मी त्या दिवशी पाहिलं.

परतीच्या त्या गाडीत, स्वारगेट जवळ आलं तेव्हा मी धीर करून विचारलं, "मावशी, पुरे झालं असं सांगणार होतीस ना तिला?"

पिन लावलेली चप्पल सांभाळत ती उठली.

"ह्यांनी ती जिलबी घेतली असती," ती म्हणाली. "चल, कर्वेनगरची रिक्षा बघ."