आमच्या कूलरला माणूस दिसत नाही

आमच्या कूलरला माणूस ओळखता येतो, असं मी घरात सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं.

नागपूरजवळच्या मिहान औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत मी यंत्रांना सेन्सर जोडतो. होळीच्या आधी घरच्या कूलरलाही एक जोडला. समोर माणूस हलला की कूलर सुरू, सगळे न हलता बसले की थोड्या वेळात बंद! जुनं बटण तर मी उपटून भंगारात दिलं. (इतका आत्मविश्वास!)

मग मे महिना आला आणि ऐन दुपारी माझ्या बहिणीला, पल्लवीला, बघायला पाहुणे आले. मुलगा तिला आधीच आवडला होता. धाकधूक होती ती त्याच्या आईवडिलांची. पाहुणे बसले, पण कूलर काही सुरू होईना.

"काहून चालू होऊन नाही राहिला बे?" बाबा कुजबुजले.

"हात हलवा, बाबा."

बाबांनी हात हलवले. आईनं पदर हलवला. पाहुण्यांनीही भिडेखातर रुमाल हलवले. कूलर ढिम्म!

"माणूस हलला का चालू होते म्हने! मंग आमी का मेलो?" बाबा कडाडले.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. हा सेन्सर भिंतीपेक्षा गरम किंवा गार असं काही हललं की ओळखतो. आणि नागपूरच्या मे महिन्यात भिंती आणि बाबा सारखेच तापलेले!

तेवढ्यात पल्लवी बर्फ घातलेल्या पन्ह्याचा ट्रे घेऊन आली. थंडगार ग्लास समोरून सरकले मात्र, कूलर धडधडत सुरू! (माणसं दिसली नाहीत, पन्हं दिसलं.)

"ये पोरी, बस," मुलाची आई म्हणाली. पल्लवी बसली. थोड्या वेळात कूलरही बसला.

"बसू नको वं!" मी ओरडलो.

बिचारी ट्रे घेऊन येरझाऱ्या घालू लागली.

"शिक्षन काय झालं?" मुलाच्या आईनं विचारलं.

"एम.कॉम.," दाराजवळून उत्तर आलं.

"सैपाक येते?"

"येते," खिडकीजवळून आलं.

मुलाच्या वडिलांनी ग्लास उचलला.

"पिऊ नका!" मी पुन्हा ओरडलो. घामापेक्षा लाजेनंच मी जास्त भिजलो होतो. आता हे लग्न मोडलं, अशी माझी खात्रीच झाली.

इतक्यात मुलगा उठला आणि त्यानं पल्लवीच्या हातून ट्रे घेतला. "द्या इकडे. आता तुमी बसा, मी फिरतो."

पल्लवी हसली, त्याची आई हसली, आणि लग्न तिथंच ठरलं. देण्याघेण्याचं काहीच नव्हतं. मुलाच्या वडिलांची फक्त एक अट होती.

"पोरीच्या भावाले आमच्या घरच्या बटनाले हात लावू..."

वाक्य पुरं व्हायच्या आधीच बाबांनी "मंजूर!" म्हणून टाकलं.