पातळ तळाचे बूट

नवऱ्याबरोबर बुटांच्या दुकानात जाऊ नये, असं माझं आता पक्कं मत झालंय. दुकानदारासमोर भांडता येत नाही, आणि गप्प बसलं तर घरी येऊन ऐकून घ्यावं लागतं, ‘तेव्हा का नाही बोललीस?’ आम्ही गेलो होतो आमच्या ह्यांना पळायचे बूट घ्यायला. हो, पळायचे. उभ्या जन्मात हे बसच्या मागेसुद्धा कधी पळाले नाहीत. बस गेली तर गेली म्हणायचे, आणि थांब्यावरच्या फरशीचे सांधे न्याहाळत दुसऱ्या बसची वाट बघायचे.

फरशी बसवणं हा ह्यांचा धंदा. मामांच्या हाताखाली शिकले आणि मामांची एक सवयही उचलली. काम पुरं झालं, सांधे भरून वाळले, की हे चपला काढायचे, डोळे मिटायचे आणि अख्ख्या खोलीत अनवाणी फेरी मारायचे. कुठे कड वर राहिलीय, कुठली टाईल खालून पोकळ आहे, ते ह्यांच्या तळपायाला कळायचं. लेव्हल बघायची पाणसळ आधीच लावून झालेली असायची, पण पाणसळीवर ह्यांचा पूर्ण भरवसा नव्हता. फेरी चालू असताना कुणी बोलायचं नाही, मध्ये यायचं नाही. शेवटी डोळे उघडून हे म्हणायचे, ‘झालं.’ त्याशिवाय घरमालकाने सामान आत आणायचं नाही, असा शिरस्ताच होता. बाकीचे कारागीर हसायचे. हसू देत. त्यांच्या फरश्या फुगल्या की उखडायला ह्यांनाच बोलवायचे.

सवयीचा त्रास असा, की कुणाकडेही गेलं तरी हे माणसांच्या आधी फरशीची चौकशी करणार. आमचं जमलं तेव्हा पहिल्यांदा माझ्या माहेरी आले, तर माझ्या वडिलांशी बोललेलं पहिलं वाक्य काय? ‘त्या कोपऱ्यात पाणी साचत असेल ना?’ साचत होतं. वडील जाम खूश झाले. मी आत जळफळत बसले होते, कारण माझ्याकडे अजून बघितलंसुद्धा नव्हतं.

दोनेक वर्षांपूर्वी ह्यांच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. साखरेचा आजार होताच. पुढे मुंग्या यायच्या थांबल्या, तेव्हा आम्ही म्हटलं, चला, सुटलो एकदाचे. एवढे आम्ही हुशार! डॉक्टरीणबाईंनी समजावलं तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, की पाय बरा झाला नव्हता, त्याची जाणीवच जायला लागली होती. ‘अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘जाड, मऊ तळाचे बूट घ्या. रोज चाला. आणि गेलेली जाणीव परत येईल असं धरून चालू नका.’ हे नुसते मुंडी हलवत होते. घरी आल्या आल्या ह्यांनी ठेकेदाराला फोन लावला आणि सांगितलं, पाठ धरलीय, थोडे दिवस काम घेत नाही. पाठीला काहीही झालेलं नव्हतं.

त्यात आमचे जावईबुवा. माणूस सोन्यासारखा, पण पळण्याचं खूळ. जेवायला आले तरी पळण्याच्याच गोष्टी. एकदा बोलता बोलता म्हणाले, ‘बाबा, हल्ली पातळ तळाचे बूट मिळतात. अनवाणी पळल्यासारखंच. पायाला जमीन कळते.’ त्या बिचाऱ्यांना काय माहीत? आम्ही पायांचं लेकीलासुद्धा सांगितलं नव्हतं. पण ‘पायाला जमीन कळते’ एवढं ह्यांच्या डोक्यात बसलं, ते बसलंच. तसले बूट घालून पळालं की पाय जागा होईल, असं ह्यांनी ठरवूनच टाकलं.

तर दुकान. दुकानदाराने दोन जोड पुढे ठेवले. एकाचा तळ चांगला जाडजूड, गादीसारखा. दुसऱ्याचा इतका पातळ, की त्याने तो मुठीत गुंडाळून दाखवला. मग जाड जोड उचलून कौतुकाने म्हणाला, ‘हा घातला की पायाला काही जाणवणारच नाही बघा!’ झालं, तो जोड ह्यांनी तिथल्या तिथे बाजूला सारला.

पातळ जोड घालून हे दुकानभर फिरायला लागले. काउंटरजवळची एक टाईल सुटलेली होती, पाय पडला की तिचा कोपरा दबायचा. आत येताना मी तिथेच अडखळले होते. हे त्या टाईलवरून गेले, वळले, पुन्हा तिच्यावरूनच आले. चकार शब्द नाही. मला वाटत होतं तळपाय जरा मंद झालेत. इतकं सगळं गेलं असेल, असं नव्हतं वाटलं.

‘अहो, जाडवाले घ्या ना. डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं?’

‘आधीच काही कळत नाही,’ हे म्हणाले, ‘त्यात आणखी पायाखाली गादी कशाला घालू?’

काही कळत नाही, हे ह्यांनी पहिल्यांदाच तोंडाने कबूल केलं, तेही परक्या माणसापुढे. दुकानदार खोक्यात काहीतरी शोधायला लागला. पातळ जोड घेऊन आम्ही घरी आलो.

मग रोज सकाळी मैदान. हे पळणार आणि मी बाकावर बसणार. पळणं कसलं, नुसती दुडकी चाल. पण फेरी मारून माझ्यापुढे थांबले की चेहरा उजळलेला. ‘आज डाव्या पायाला खडी कळली गं.’ मी म्हणायचे, ‘हो का?’ सुरुवातीला मी खूप भांडले. ‘पाय गमावून बसाल, मग बसा माझ्या नावाने बोंबलत,’ इथपर्यंत बोलले. भिंतीशी बोलावं तसं झालं.

घरी आलो की मी ह्यांचे तळवे बघायचे. लाल चट्टे, कधी फोड. ‘दुखतंय?’ ‘थोडंसं,’ हे म्हणायचे, आणि असे खूश व्हायचे जसं काही बक्षीसच मिळालंय. खरंच दुखत होतं, की दुखायला हवं म्हणून म्हणत होते, देव जाणे. हळूहळू माझंच काहीतरी बंद पडत गेलं. पूर्वी भडकायचे, आता नुसतं रिकामं वाटायचं. मी मलम लावायचे, डबा भरायचे, कामावर जायचे. इस्पितळाच्या धुलाईखान्यात मी चादरींना इस्त्री करते. एकीमागून एक चादर संपायची आणि दिवस संपायचा. कुणी विचारलं असतं, काय वाटतंय तुम्हाला, तर मला सांगता आलं नसतं.

अशातच लेकीने घर घेतलं. ‘स्वयंपाकघराची फरशी मी बसवणार,’ ह्यांनी जाहीर केलं. मला एकटीला वेगळं सांगितलं, ‘ही फेरी जमली ना, की ठेकेदाराला फोन करतो. परत कामाला लागतो.’ आणि नाही जमली तर काय, ते ह्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

टाईल पांढऱ्या होत्या, लेकीच्या आवडीच्या. गुडघ्यांवर बसून ह्यांनी काम केलं आणि हात बघाल तर जसेच्या तसे. थापीने माल पसरायचा, टाईल ठेवायची, रबरी हातोड्याने बेताने ठोकायची. मला क्षणभर वाटून गेलं, वेडी मीच, हे बरे होताहेत. सांधे भरून वाळले. शेवटी ओट्याखाली एक पट्टी कापून बसवायची राहिली होती, तीही बसली. लेकीने केर काढला, टवके भरून बाहेर टाकले. लेक, जावई आणि मी, आम्ही तिघं भिंतीला लागून उभे राहिलो. ह्यांनी दारातच बूट काढायला घेतले.

‘अहो, बूट राहू देत. जाणवावं म्हणूनच घेतलेत ना ते?’

‘फेरी बुटात होत नसते,’ हे म्हणाले, आणि डोळे मिटले.

दारापासून खिडकीपर्यंत गेले, सावकाश, टाच आधी टेकवत. मला पहिल्यांदा वाटलं सांध्यातला रंग निघाला. मग पुढच्या टाईलवरही डाग दिसला, त्याच्या पुढच्यावरही. लाल. लेकीने तोंडावर हात दाबला. जावई पुढे झाले, तर मी त्यांचा दंड धरला. का धरला? फेरी मध्ये तोडायची नसते, एवढंच सुचलं. इतक्या वर्षांची सवय. आम्ही तिघं धडधाकट माणसं बघत उभे राहिलो, आणि हे आपले पुटपुटत फिरत होते, ‘इथे ठीक… हा कोपरा ठीक…’

खिडकीकडून ओट्याकडे, ओट्याकडून दाराकडे. फेरी पुरी करून ह्यांनी डोळे उघडले. कितीतरी महिन्यांत बघितलं नव्हतं असं हसू होतं. ‘झालं,’ हे म्हणाले. ‘सगळं कळलं मला. कुठे एवढीशीसुद्धा कड नाही.’

मग ह्यांची नजर खाली गेली.

‘अरे! कोणाच्या पायाला लागलं?’

घाबरून लेकीच्या पायांकडे बघितलं. मग माझ्या. मग जावयांच्या. आमच्या सगळ्यांच्या पायात चपला होत्या.

‘बसा,’ मी म्हटलं. ह्यांना खाली बसवलं आणि पाय मांडीवर घेतला. टाईलचा टवका टाचेत खोल रुतला होता. मी तो ओढून काढला. हे बघत होते, शेजारच्याचा पाय बघावा तसे. लेक रडायला लागली, ‘बाबा, आम्हाला सांगितलं का नाहीत?’ मी रडले नाही. राग येतोय का तेही बघितलं. येत नव्हता. कापड मागितलं आणि टाच घट्ट दाबून धरली.

जावयांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी फरशी पुसली आणि पाणसळ घेऊन सगळीकडे लावून बघितली. ‘बाबा, एकदम लेव्हलमध्ये आहे,’ ते म्हणाले. ‘खरंच. कुठेही खोट नाही.’

‘ते पाणसळीला कळलं,’ हे म्हणाले.

जखम भरता भरेना. डॉक्टरीणबाई खूप बोलल्या आणि ते सगळं मी ऐकून घेतलं, हे खिडकीबाहेर बघत होते. पाय वाचला. ठेकेदाराला फोन झाला नाही. मी एकटीच जाऊन जाड तळाचा जोड घेऊन आले. मला वाटलं होतं वाद घालतील, निदान तोंड तरी वाकडं करतील. ह्यांनी मुकाट्याने पाय पुढे केला. मी बूट चढवला, लेस ओढून बांधली.

‘घट्ट होतोय का?’ मी विचारलं.

‘मला काय विचारतेस? तूच बघून सांग.’

चिडून म्हणाले नाहीत. किती वाजले ते सांगावं तसं म्हणाले. मी बुटात बोट घालून बघितलं. घट्ट होता. मी लेस सोडली आणि पुन्हा सैल बांधली.