चढणीवर मागे

लोणावळ्यात अजून सांगतात की त्या ख्रिस्ती म्हाताऱ्याने मला बाटवले. चर्चमधली मंडळी म्हणतात, त्याने आपल्या अखेरच्या वर्षात माझा उद्धार केला. दोन्ही थापा आहेत; साक्षीदार मी आहे.

घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटायला जे इंजिन लावीत, त्यावर तो ड्रायव्हर होता. निवृत्तीनंतर त्याची दृष्टी गेली. तेव्हा मी, बावीस वर्षांचा शाळामास्तर, रोज दुपारी त्याला शुभवर्तमान वाचून दाखवी. तो डोळे मिटून पडे. झोपला असे समजून मी थांबलो की खेकसे, "थांबलास का, मास्तर? सिग्नल पडलाय, चल!"

शेवटच्या आठवड्यात त्याने माझे मनगट धरले. "माझी पेटी उचलशील?"

"आबा, तुमची माणसं हात लावू देतील का? आणि माझी मला घरात घेतील का?"

"कबरस्तानाची वाट लय चढाची हाय. पुढं मिरवायला पुष्कळ येतील. तू मागं लाग."

त्याला पुरायला नेले त्या दिवशी चर्चचे पाळक कुरकुरले, माझे वडील ओट्यावरून ओरडले. मी पेटीच्या मागच्या टोकाला खांदा दिला. माथ्यावर पोचल्यावर मागचे इंजिन सोडून देतात. ते गाडीबरोबर पुढे जात नाही. प्रार्थना सुरू झाली तसा मीही खांदा काढला आणि उतार उतरून घरी आलो.

एवढ्यालाच एक बाजू बाटणे म्हणते आणि दुसरी उद्धार. माझा खांदा मात्र आठवडाभर दुखत होता.