शुक्रवारचा भात

गल्लीत तिला सगळे चेनवाली म्हणतात. पँटची, जॅकेटची, दप्तराची, कुठलीही चेन अडकली की लोक तिच्या दारात येऊन उभे राहतात. तिला विचाराल तर ती सांगेल की मी काजं करते, अस्तर लावते, अख्खा कोट उसवून पुन्हा उभा करते. पण लोकांच्या डोक्यात चेनच बसली, त्याला ती तरी काय करणार! तिच्या नवऱ्याचीही तीच गत. जन्मभर कॅमेऱ्यामागे उभा राहिला, त्यामुळे त्याचं काम लाखोंनी पाहिलं आणि त्याला कुणी पाहिलं नाही. तो जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

तो टीव्हीच्या स्टुडिओत होता. दर शुक्रवारी संध्याकाळी ‘गाठीला चार पैसे’ नावाचा कार्यक्रम लागायचा, त्याचा मुख्य कॅमेरा याच्या हातात असायचा. बचत कुठे ठेवावी, शेअर कधी विकावेत, महागाई वाढली म्हणजे नेमकं काय झालं, हे सगळं एक जाड चष्म्याचे गृहस्थ समजावून सांगत. त्यांना सगळे प्रोफेसर म्हणत. कुठल्या कॉलेजात त्यांनी एक तासही घेतलेला नव्हता, पण चष्माच असा होता की दुसरं काही म्हणायला जीभ वळत नसे. गंमत म्हणजे, ज्यांच्या गाठीला काहीच नव्हतं तेसुद्धा हा कार्यक्रम मन लावून बघत. चेनवालीला स्वतःला डिबेंचर हा एखादा त्वचेचा आजार असावा असं कित्येक वर्षं वाटत होतं. तरी ती एकही शुक्रवार चुकवत नसे, आणि त्याचं कारण पैशात नव्हतं, भातात होतं.

नवीन लग्न झालं तेव्हाची ही गोष्ट. दोन खोल्या भाड्याच्या, घरात फोन नाही. नवऱ्याला भात लागायचा तो पातेल्यातून वाफेसकट ताटात आलेला. निवलेला भात तो मुकाट्याने खायचा, पण असा खायचा की समोरच्याला आपणच गुन्हेगार वाटावं. आणि शुक्रवारी तर तो कधी येईल त्याचा नेमच नसे. कार्यक्रम थेट चालायचा, पाहुणे बोलत बसायचे, वेळ लांबायची, आणि संपल्यावरही कधी लगेच सुटका व्हायची, कधी नाही. भात लवकर चढवला तर गार, उशिरा चढवला तर हा पाटावर ताटकळत. एकदा ती वैतागून म्हणाली, “तुमचा तो कॅमेरा रोज जगाला सगळं सांगतो. मग निघताना मला तेवढा निरोप द्यायला त्याला काय होतंय?”

तो काही बोलला नाही. तो कधीच काही बोलत नसे. हो म्हणायचं तर मान हलवायची, नाही म्हणायचं तर भिंतीकडे बघायचं, एवढ्यात त्याचा संसार चालायचा.

पुढच्या शुक्रवारी प्रोफेसरांनी नमस्कार केला, शेवटची ट्यून वाजायला लागली, आणि चित्र हललं. फार नाही. माणसाने हलकेच मान खाली घालून वर उचलावी, तितकंच. प्रोफेसरांचं डोकं क्षणभर पडद्याच्या वरच्या कडेला टेकलं आणि परत जागेवर आलं. ती हातातलं काम टाकून उठली आणि भात चढवला. तो घरी आला तेव्हा पातेल्यावरचं झाकण नुकतं उडायला लागलं होतं.

“अहो, ते मला होतं का?” तिने वाढताना विचारलं.

त्याने मान हलवली.

त्यानंतर त्या विषयावर दोघांत एक शब्द झाला नाही. चित्र दर शुक्रवारी मान हलवत राहिलं. दिग्दर्शकाने सुरुवातीला चांगलं झापलं, मग त्याला सवय झाली, मग लोकांनाच ते आवडायला लागलं आणि कार्यक्रमाची ओळखच होऊन बसलं. लाखो लोकांना वाटायचं, चित्र आपल्याला नमस्कार करतंय. ती आपली गालातल्या गालात हसून तांदूळ धुवायची. तिने हे गुपित कुणाला सांगितलं नाही, पोटच्या मुलीलाही नाही.

तर हा कार्यक्रम बंद पडून इतकी वर्षं झाल्यावर, यंदा बातमी आली की तो पुन्हा सुरू होतोय. तोच सोफा, तेच संगीत, आणि पहिल्या भागात खुद्द प्रोफेसर! चेनवालीने आठवडाभर गिऱ्हाइकांचं डोकं खाल्लं. शुक्रवारी दुपारीच मशीनवर कापड टाकून ठेवलं. मुलगी संध्याकाळी आली. ती दवाखान्यात एक्स-रे काढते, दिवसभर लोकांना श्वास रोखून धरायला सांगते. आल्या आल्या म्हणाली, “आई, लग्नाला निघाल्यासारखी काय नटलीस?”

“गप्प बस आणि लाव,” आई म्हणाली. तिला बाकी काही नको होतं. चित्राने एकदा मान हलवलेली बघायची होती, बस्स.

नवा सूत्रधार तरुण होता, चकचकीत बुटांचा, आणि बोलताना सोफ्यावर इतका पुढे सरकायचा की आता पडेल की काय असं वाटावं. प्रोफेसर थकले होते, पण चष्मा तोच. शेवटी सूत्रधाराने विचारलं, “सर, ते प्रसिद्ध हलणारं चित्र! त्याचं रहस्य काय होतं?”

प्रोफेसर मिश्कील हसले. “अहो, रहस्य कसलं! आमचा कॅमेरामन. भला माणूस होता, पण माझे आकडे ऐकून ऐकून बिचाऱ्याला शेवटी डुलकी लागायची. डोकं कॅमेऱ्यावर आपटलं की चित्र हलायचं!”

स्टुडिओत समोर बसलेले सगळे खो खो हसले. पडद्यावर एकामागून एक जुनी हलणारी चित्रं दाखवली, खाली घोरण्याचा आवाज टाकला. आणि मग ट्यून वाजली आणि नव्या चित्रानेही मान हलवली. दोनदा. तीसुद्धा कॉम्प्युटरने.

मुलगीही हसत होती. “बाबा झोपायचे? आई, हे तू मला कधी बोलली नाहीस!” मग तिने आईकडे बघितलं आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं.

आईच्या काळजाला घरं पडली होती. मोठ्या माणसांनी एक कोटी केली, चार लोक हसले, घरी गेले. पण इथे एका बाईच्या संसारातली एकुलती एक गोड गोष्ट घोरण्याच्या आवाजासकट बाहेर टाकली गेली, त्याचं कुणाला काय! वाईट त्याहून हे, की आता तिलाच शंकेने घेरलं. त्याने तोंडाने कधी सांगितलं होतं? कधीच नाही. ती विचारत असताना मान हलवली होती, एवढंच. तेव्हा त्याच्या तोंडात घास होता. तो हो म्हणाला होता, की नुसता गिळत होता?

तिने मुलीला सगळं सांगितलं. सांगताना शब्द नीट जमेनात, कारण ही गोष्ट तिने कधी शब्दांत केलीच नव्हती. आणि शेवटी म्हणाली, “खरंच झोप येत असेल गं त्यांना. दिवसभर उभं राहून. आणि मी वेडी, वर्षानुवर्षं भात चढवत बसले.”

मुलगी त्या वेळी काही बोलली नाही. त्या बाबतीत ती बापावर गेली होती. पण रविवारी दुपारी लॅपटॉप घेऊन हजर झाली. वाहिनीने जाहिरातीपायी सगळे जुने भाग लोकांसाठी खुले केले होते.

“आई, मी शुक्रवारचीच ना?”

“हो. संध्याकाळची. त्यांना सुट्टी मिळाली नाही. मला दुपारी दवाखान्यात सोडून गेले, ते कार्यक्रम संपल्यावरच आले.”

“दवाखान्यात टीव्ही होता?”

“तिथे धड पंखा नव्हता.”

“म्हणजे तू बघत नाहीस, हे बाबांना माहीत होतं,” मुलगी म्हणाली आणि आपल्या जन्मतारखेचा भाग लावला.

दोघी एकमेकींना चिकटून बसल्या. तरुण प्रोफेसर बोलत होते, बोलत होते, संपता संपेनात. अखेर नमस्कार झाला, ट्यून वाजली. चित्र स्थिर राहिलं. प्रोफेसर कॅमेऱ्याकडे बघत थांबले, भुवया वर करून वाट बघितली, शेवटी ओशाळून कागद गोळा करायला लागले. चित्र भिंतीसारखं सरळ.

“बघ!” मुलगी ओरडली.

पण आईचं मन एकदा उसवलं की सहज शिवलं जात नसे. “त्या दिवशी त्यांना कसली डोंबलाची झोप येणार? बायको दवाखान्यात होती.”

“बरं. नंतर तू कुठे होतीस?”

“आजीकडे. तुला घेऊन. तिच्याकडे टीव्ही नव्हता.”

मग पुढचा शुक्रवार लावला. सरळ. त्याच्या पुढचा, सरळ. मुलगी एकेका भागाचा शेवट लावत गेली आणि चित्र हट्टाने जागचं हललं नाही. आणि मग एका शुक्रवारी नमस्कार झाला, ट्यून सुरू झाली, आणि प्रोफेसरांचं डोकं हळूच वरच्या कडेला जाऊन टेकलं.

“त्याच आठवड्यात मी घरी आले,” आई म्हणाली. “तुला कडेवर घेऊन भात चढवला होता.”

तिचा जीव भांड्यात पडला. ती हसली, डोळे पुसले, प्रोफेसरांना एक सणसणीत शिवी दिली, आणि पुन्हा हसली. “डुलकी म्हणे! तुम्हाला लागली असेल डुलकी!” मुलीच्या गळ्यात हात टाकून कितीतरी वेळ बसली. गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं.

पण मुलीला भलताच हुरूप आला होता. “थांब, आता शेवटचा भाग बघू. कार्यक्रम बंद झाला तेव्हा मी हॉस्टेलवर होते. तू बघितलाच असशील.”

“बघितला की,” आई म्हणाली.

इथे एक सांगायला हवं. शेवटी शेवटी तिच्याकडे काम फार वाढलं होतं. शनिवारी गिऱ्हाइकं कपडे न्यायला येत, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मशीनवरून मान वर काढायला सवड नसे. टीव्ही चालू असायचा, पण तिची पाठ असायची तिकडे. ट्यून कानावर पडली की ती उठायची आणि भात चढवायची. चित्राकडे बघायची गरजच उरली नव्हती. त्यात तिचं काही चुकलं असं कुणी म्हणणार नाही. कुठल्याही घरात असंच होतं.

शेवटचा भाग लागला. प्रोफेसरांचे डोळे भरून आले, सगळ्यांचे आभार मानून झाले. आणि नेहमीची ट्यून वाजली नाही. निरोपाची म्हणून कसली तरी लांबलचक रडकी व्हायोलिनं सुरू झाली.

“ही कुठली ट्यून?” आई म्हणाली.

प्रोफेसर उठून गेले. दिवे मंद झाले. रिकाम्या सोफ्यावरून नावं सरकायला लागली, त्यात एका ओळीत तिच्या नवऱ्याचंही नाव येऊन गेलं. मग चित्राने मान हलवली. थोडं थांबून पुन्हा एकदा हलवली. आणि मग तिसऱ्यांदा चित्र सावकाश खाली झुकलं, जमिनीवरच्या वायरी दिसेपर्यंत झुकलं, आणि तसंच राहिलं. माणूस कुणापुढे मान लववून उभा राहतो तसं. नावं संपेस्तोवर ते वर आलं नाही.

“आई! तीनदा!” मुलगी रडत रडत हसत होती. “बाबांनी तुला निरोप दिला. काय वाटलं असेल गं तुला तेव्हा!”

आई पडद्याकडे बघत राहिली. पडदा काळा झाला तरी बघत राहिली.

“मी नव्हतं बघितलं,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“पाठमोरी होते. कुणाच्या तरी जॅकेटची चेन लावत होते. त्या संध्याकाळी ते आले, हातपाय धुतले, आणि मला विचारलं, ‘आज बघितलंस ना?’ ते कधी काही विचारायचे नाहीत गं. मी दातांत दोरा धरून म्हटलं, ‘हो, बघितलं की.’”

मुलीने तिचा हात हातात घेतला. मग समजूत घालत म्हणाली, “जाऊ दे ना, आई. बाबांना कुठे कळलं? त्यांना वाटलं, तू बघितलंस. त्या समाधानातच गेले ते.”

आईने मान हलवली नाही. ती भिंतीकडे बघत होती.

“कळलं त्यांना,” ती म्हणाली. “ट्यून वाजलीच नाही ना. ते आले तेव्हा शेगडी गार होती. मी हो म्हटल्यावर ते क्षणभर उभे राहिले. मग डब्यातून तांदूळ काढले, धुतले. त्या दिवशी भात त्यांनीच चढवला.”