कुंपणातल्या काठ्या

घुमूरकाका वाळवंटाच्या तोंडाशी असलेल्या आगादेझ शहरात, गाडीतळामागे काठ्या विकत. लिबियाकडे निघालेल्या पिकअपच्या काठावर पोरं पाय बाहेर सोडून बसत. दोन मांड्यांमधून सामानात खोचलेली काठी, तेवढाच आधार. हात सुटला की माणूस वाळूत.

प्रत्येक काठी देण्याआधी काका ती दोन दगडांवर आडवी ठेवून स्वतः तिच्यावर बसत. "माझं बूड पेललं म्हणजे तुझं गाव पेलेल," असं गिऱ्हाइकाला सांगत.

मग कायदा आला. माणसं वाळवंटापार नेणं गुन्हा ठरलं. कायदा राजधानीत, नियामेत झाला, आग्रह समुद्रापलीकडच्या श्रीमंत देशांचा होता. एका आंतरराष्ट्रीय संस्थेने काकांना दहा शेळ्या दिल्या. काठ्यांचा धंदा बंद, ही अट. वर्षाने तपासणी. शेळ्या सांभाळल्या नाहीत तर उरतील त्याही परत.

पडून राहिलेल्या काठ्यांचं काकांनी शेळ्यांसाठी कुंपण केलं.

गाड्या मात्र थांबल्या नाहीत. नाके चुकवत आडवाटेने, आणखी जोरात जाऊ लागल्या. एका संध्याकाळी लाल टोपीतला एक पोरगा आला.

"काठी आहे?"

"नाही."

"मग ही काय?"

"हे कुंपण आहे. जा बाबा."

पुढच्या आठवड्यात अबारशी नावाचा पिकअपचा ड्रायव्हर काकांकडे चहाला बसला. पेला हातात तसाच राहिला. "घुमूर, तो लाल टोपीवाला दिर्कू गावाच्या अलीकडे गाडीतून पडला. मागे पोलीस होते. मी वळलो नाही."

त्यानंतर जो पोरगा आला, त्याच्यासाठी काकांनी कुंपणातली काठी उपटली. दगडांवर ठेवली. तिच्यावर बसले. पैसे घेतले नाहीत.

"अहो, शेळ्या पळतील!" रायशातूकाकू ओरडल्या.

"पळाल्या तर चरतील."

"आणि आपण? आपण काय चरायचं?"

पोरं येत राहिली. कुंपण विरळ होत गेलं.

तपासणीला संस्थेची मादाम आली. नियामेत साहित्य शिकून आलेला मी तिचा दुभाषी होतो. गोठ्यात तीनच शेळ्या होत्या.

"बाकीच्या कुठे?" तिने विचारलं.

मी आमच्या भाषेत हळूच भर घातली, "काका, रोग आला म्हणा. रोगाला माफी आहे."

"चांगल्या धडधाकट होत्या की! सांग तिला, काठ्या दिल्या, शेळ्या गेल्या."

"काका, तीनही जातील."

"तुला बोलायला ठेवलंय ना? बोल मग."

मी बोललो. मादामने कुंपणातल्या काठ्या उपटल्या तिथली भोकं पाहिली. "मला वाईट वाटतं," ती म्हणाली. "पण हे माझ्या हातात नाही."

दुसऱ्या सकाळी ट्रक आला. शेळ्या चढवल्या. हमाल मागच्या फळीवर टेकून बसला, पाय बाहेर.

"थांब रे," काका म्हणाले. शेवटची काठी उपटली, दगडांवर ठेवली, तिच्यावर बसले. मग उठून त्याच्या हातात दिली.

"घट्ट धर."