आठ सेकंदांची यादी

आमचे खंडोजीराव फार हुशार, असं अख्खं मल्लेश्वरम सांगतं. मला नका सांगू. बावीस वर्षं संसार केलाय मी त्यांच्याशी.

रेडिओ दुरुस्त करता करता हे कॉम्प्युटरकडे वळले आणि दुकानाचं ब्राउझिंग सेंटर झालं. कॉम्प्युटर पाच, फोनची लाइन एक. गिऱ्हाइकानं मागितलेलं पान अमेरिकेतल्या कुठल्याशा मशीनवरून यायचं. पाच जणांनी एकच पान मागितलं तरी ते पाचदा समुद्र ओलांडणार. यांना ते बघवेना. घड्याळ घेऊन बसले, वहीत दोन रकाने पाडले. दर वेळी तिकडून आणलं तर चौदा मिनिटं. एकदाच आणून आपल्या मशीनमध्ये नक्कल ठेवली, सगळ्यांना तीच दाखवली, तर आठ सेकंद.

"आणि तिकडं पान बदललं तर?" मी विचारलं.

"रत्ना, तुला यातलं काय कळतंय? रोज संध्याकाळी पुसतो की मी नक्कल."

मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

नव्व्याण्णवच्या जुलैत नर्सिंगच्या जागांची यादी नेटवर लागली. यांनी दहालाच नक्कल करून ठेवली आणि कामाला बाहेर गेले. बाराला कोपऱ्यावर फुलं विकणाऱ्या गंगव्वाची विद्याश्री पळत आली. यादी मीच उघडली, दोनदा वाचली. "नाही गं तुझा नंबर," म्हटलं. "सरी अक्का, बरं," म्हणाली, आणि वर मला थँक्स म्हणून गेली.

तीनला शेजारचे सुब्बाराव मास्तर आले. म्हणाले, पहिल्या यादीत शेवटचं पान राहिलं होतं, अकरालाच सुधारलेली लागलीय. जागा हवी तर पाचच्या आत कॉलेजात जाऊन सही करायची.

मी नक्कल पुसली आणि नवी यादी येईपर्यंत चौदा मिनिटं तशीच उभी राहिले. विद्याश्रीचा नंबर होता.

रिक्षा करून श्रीरामपुऱ्यात तिच्या घरी गेले. पोर पुस्तकं शेजारणीला देऊन मोकळी झाली होती. हाताला धरून ओढत नेली. सही झाली तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटं होती.

घरी येऊन यांना तोंडाला येईल ते बोलले. यांनी मान खाली घालून ऐकलं. मग वहीत तिसरा रकाना पाडला: नक्कल ठेवायची, पण दर वेळी तिकडं नुसतं विचारायचं, पान बदललंय का? नसेल तर आपली द्यायची. चाळीस सेकंद.

"स्वल्प उशीर होतो, पण चुकीचं जात नाही," म्हणाले.

"हे आधी सुचलं नव्हतं?"

"सुचलं होतं. आठ सेकंद ऐकून लोक खूश व्हायचे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी अकरा ते तीन आमच्याकडं तेरा जणांनी यादी बघितली. विद्याश्री सोडून बाकीच्यांचा पत्ता मला ठाऊक नव्हता. दारावर कन्नडमध्ये पाटी लावली, इथं यादी बघितलेल्यांनी पुन्हा बघावी म्हणून. महिनाभर ठेवली. कुणी आलं नाही.

बारा जण. त्यांतल्या नऊ जणांना नंबर नाही म्हणून मीच सांगितलं होतं. कुणाचा खरंच नव्हता आणि कुणाचा होता, ते मला आता कधीच कळणार नाही.